नाशीची साल कोण ठरवतं

चिकू धुताना बोटांना जी तपकिरी भुकटी लागते ती म्हणजे बूच. झाडाच्या खोडावर बाहेरून जे मेलेलं, कोरडं, पाणी आतबाहेर जाऊ न देणारं आवरण असतं तेच चिकू आपल्या फळावरपण चढवतो. जपानी नाशीची, म्हणजे तिथल्या नासपतीची, तपकिरी साल हीच वस्तू आहे, फक्त जास्त पातळ आणि अंगाला घट्ट चिकटलेली, आणि ही साल फळावर येते की येत नाही या एवढ्याशा प्रश्नावर जपानमधल्या बागायतदारांच्या कितीतरी पिढ्यांची उन्हाळ्यातली कामं ठरली आहेत. मला हे कळल्यापासून नाशी नुसती खाताच येत नाही, आधी उलटून पालटून बघावी लागते.

मी चिबा प्रांतात राहते, टोकियोच्या शेजारी. इथे इचिकावा शहरात ओमाची म्हणून भाग आहे, तिथल्या रस्त्याला लोक नाशीचा रस्ताच म्हणतात, दोन्हीकडे बागा आणि ऑगस्ट लागला की बागेच्या तोंडाशीच विक्रीचे स्टॉल. बाग म्हणजे मांडव. डोक्याच्या थोडं वर तारांची जाळी, फांद्या त्याच्यावर आडव्या बांधलेल्या, फळं खाली लोंबतात. सप्टेंबरात वादळं येतात आणि मोकळ्या झाडावरची जड फळं पार झडून जातात म्हणून ही पद्धत. माझी आई दिंडोरीकडची, द्राक्षाच्या घरातली, ती इथे आली होती तेव्हा तिला बुद्धाची देवळं दाखवली तर बरंय बरंय म्हणाली, पण या मांडवाखाली आणलं तर वर मान करून उभीच राहिली आणि पहिला प्रश्न, "ही तार कितव्या गेजची गं?"

तर साल. आपण आपलं एप्रिलपासून बघू. नाशीला पांढरी फुलं येतात, पाकळ्या गळतात आणि खाली मुगाएवढं फळ उरतं. त्या वेळी सगळ्या जातींची फळं हिरवीच असतात. सालीवर पानावर असतात तशी बारीक छिद्रं असतात, श्वास घ्यायची. मग फळ फुगायला लागतं, इतकं भराभर की ही छिद्रं ताणली जातात, त्यांचं उघडमीट करायचं काम संपतं आणि तिथे झाड बुचाचा एक थेंब भरतं. नाशीवर जे ठिपके दिसतात ते हेच, बुजवलेली छिद्रं. इथपर्यंत सगळ्या नाशी सारख्या. पुढे वाटा फुटतात. काही जातींत बूच त्या ठिपक्यांपुरतंच राहतं, बाकी साल हिरवी, वरून मेणाचा पातळ थर, पिकली की पिवळसर होते. आणि काही जातींत वरच्या सालीच्या खालच्या पेशी सगळीकडेच विभागायला लागतात, बुचाचा अखंड थर करतात, वरची मूळ हिरवी साल अन्नपाणी तुटल्यामुळे वाळून झडून जाते आणि आपल्या हातात येते ती तपकिरी नाशी. म्हणजे तपकिरी हा सालीचा रंग नव्हेच, पहिली साल टाकून देऊन घातलेली ती दुसरी साल आहे. मी होसुई जातीचं फळ भिंगाखाली धरून बघितलं होतं, तपकिरी थराच्या मधे मधे ते ठिपके थोडे फिकट आणि वर उचललेले दिसतात, नखाने हलकं खरवडलं तर भुकटी पडते आणि खाली लगेच हिरवट ओल.

जपानी लोक यांना लाल नाशी आणि हिरवी नाशी म्हणतात. आणि हिरवीची जी राणी ती निजिस्सेइकी, विसावं शतक हे तिचं नाव.

तिची गोष्ट इथे जवळच घडलीये. १८८८ साली मात्सुदो गावातल्या १३ वर्षांच्या मुलाला, मात्सुदो काकुनोसुके त्याचं नाव, नातेवाइकांच्या घराच्या कचऱ्याच्या ढिगात नाशीचं एक रोप उगवलेलं दिसलं. घरी नाशीची बाग होती त्यामुळे पोराला रोप ओळखता आलं, त्याने ते उपटून आणून बागेत लावलं. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, पहिली फळं. तोपर्यंत लोकांच्या माहितीतल्या बऱ्याचशा नाशी खरखरीत आणि जरा कणीदार, आणि हिची साल गुळगुळीत, गर रसाळ. १९०४ साली तिला निजिस्सेइकी हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षी कितावाकी एइजी नावाच्या माणसाने तिची रोपं पार पश्चिमेला तोत्तोरी प्रांतात नेली. तोत्तोरीने तिला असं काही आपलं केलं की आज प्रांताचं अधिकृत फूल निजिस्सेइकीचं फूल आहे, कुरायोशी गावात नाशीचं आख्खं म्युझियम आहे. मूळ झाडाला १९३५ मध्ये सरकारने नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं, युद्धात बॉम्बहल्ल्यात ते होरपळलं आणि १९४७ मध्ये वाळून गेलं. मात्सुदोत त्या जागेचं नावच आता विसाव्या शतकाची टेकडी असं आहे.

आता या राणीचं दुखणं. तिला काळ्या ठिपक्यांचा रोग होतो. आपल्याकडे कांद्यावर जांभळा करपा, टोमॅटोवर करपा आणणारी अल्टरनारिया बुरशी असते ना, तिचीच ही बहीण. पानावर, कोवळ्या फळावर काळे डाग पडतात, फळ तडकतं, गळतं. बाजूला चोजुरो नावाची तपकिरी नाशी उभी असेल, तर तिला काही होत नाही. १९३३ मध्ये तानाका नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की ही बुरशी ज्या पाण्यात वाढवली ते पाणी नुसतं निजिस्सेइकीवर टाकलं तरी डाग पडतात आणि रोग न होणाऱ्या जातींवर टाकलं तर काहीच होत नाही, म्हणजे बुरशी असं विष सोडते जे नेमकं ठराविक जातींनाच लागतं. वनस्पतींच्या रोगांच्या अभ्यासात असं विष पहिल्यांदा सापडलं ते इथे, या नाशीवर.

विषाचं पुढे काय ते सांगते, पण शेतकऱ्याला तेव्हा काय करता येत होतं? फवारणी, आणि पिशवी. मेण लावलेल्या कागदाची पिशवी, प्रत्येक फळाला एक, हाताने, मांडवाखाली मान वर करून. तीपण दोनदा, फळ लहान असताना छोटी आणि मग जून महिन्याच्या आसपास तिच्यावर मोठी. पिशवीने रोगाचे बीजाणू बाहेर राहतात, पाऊस थेट लागत नाही आणि आणखी एक गोष्ट होते, आत अंधारं राहिल्यामुळे ठिपक्यांवरचं बूच बारीक राहतं, फळ नितळ फिकट दिसतं, डाग नाही काही नाही. मार्केटला हेच नितळ फळ आवडायला लागलं. मग रोगासाठी सुरू झालेली पिशवी दिसण्यासाठी पण लागायला लागली.

स्टॉलवरच्या आजींनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी त्यांच्याकडे निजिस्सेइकी होती, सुनेचं काम पिशव्या बांधायचं, खांदे रात्री वर उचलले जायचे नाहीत. नंतर सगळी काढून कोसुई आणि होसुई लावली, त्यांना बिनपिशवीचं चालतं. मी आईला मराठीत सांगितलं तर आई म्हणाली, "विचार त्यांना, मजुरी कोण देत होतं." मी विचारलं. आजी नुसत्या हसल्या, आणि आईला भाषा कळत नसून उत्तर बरोबर कळलं.

मला इथे जे म्हणायचंय ते हे. हिरवी साल आपण सौंदर्य म्हणून बघतो. पण झाडाच्या बाजूने बघितलं तर हिरवी साल म्हणजे एक काम न करणं आहे. तपकिरी नाशी स्वतःचं दुसरं आवरण स्वतः तयार करते, ओरखडा लपवते, फांदी घासली तरी दिसत नाही. हिरवीला ते करता येत नाही, मग तिचं ते राहिलेलं काम कोणीतरी बाहेरून करायचं, कागदाने. झाडात जे जीन नाही ते माणसाच्या खांद्याने भरून काढायचं. हे बरोबर की चूक असं मी म्हणत नाहीये, निजिस्सेइकी मला मनापासून आवडते, तिच्या गोडीला जी हलकी आंबट धार आहे ती कोसुईला नाही. पण फळाची किंमत बघताना ही मेहनत सालीमुळे आहे हे माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि हे जीन नाही म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट मांडलं किकुची आकिओ यांनी. हे आधी कानागावा प्रांताच्या कृषी केंद्रात होते, नंतर क्योतोला प्रोफेसर. १९१० आणि २० च्या दशकात त्यांनी नाशीचे क्रॉस, म्हणजे संकर, केले, शेकडो रोपं वाढवली, फळं यायची वाट बघितली आणि हिरवी किती तपकिरी किती मोजलं. जीन डीएनएचे असतात हे माहीत नसण्याचा काळ तो, नुसतं मोजून त्यांनी सांगितलं की इथे दोन जीन आहेत. एक बूच करायला लावतं, त्याला आर म्हणू. फळाला आई किंवा बाप कुणाकडूनही एक आर मिळालं तरी बूच तयार होतं. दोन्हीकडून नाही मिळालं तर फळ हिरवं, विषय संपला. दुसरं जीन बूच अडवतं, त्याला आय म्हणू. हे अर्धवट अडवतं, म्हणजे आर आहे आणि आय पण आहे अशा झाडाचं फळ धड हिरवं नाही धड तपकिरी नाही, पट्टे, पॅचेस, देठाकडे तपकिरी आणि खाली हिरवट असं काहीतरी, आणि मुख्य म्हणजे ते हवामानावर बदलतं. कोवळ्या फळाच्या दिवसांत पाऊस जास्त, हवा दमट, तर बूच जास्त. कोरडं गेलं तर कमी.

एक हिशोब करून बघा, मजा येते. निजिस्सेइकी हिरवी, म्हणजे तिच्याकडे आर नाहीच, एकही नाही. चोजुरो पूर्ण तपकिरी. या दोघींच्या क्रॉसमधून शिन्सेइकी नावाची जात आली आणि ती हिरवी आहे! म्हणजे चोजुरोने या लेकीला आर दिलं नाही, म्हणजे चोजुरोकडे दोन प्रतींपैकी एकच आर होतं आणि दुसरी जागा रिकामी होती, जी बाहेरून कधीच दिसली नसती. तपकिरी सालीच्या आत हिरवी साल लपून बसलेली असते ती अशी, आणि पोरं झाल्याशिवाय कळत नाही.

किकुचींनीच केलेल्या जातींपैकी एक किकुसुई, हिरवी, निजिस्सेइकीची लेक. तिचा आणि वासे-कोझो नावाच्या तपकिरी जातीचा क्रॉस १९४१ साली सरकारी फळ संशोधन केंद्रात केला गेला. साल बघा, १९४१. युद्ध चालू, पुढे खायला धान्य नाही अशी परिस्थिती, आणि कोणीतरी नाशीची रोपं जपून ठेवली. १९५९ मध्ये त्यातून कोसुई बाहेर आली, १८ वर्षांनी. मग होसुई, क्रॉस १९५४ चा, जात बाहेर आली १९७२ मध्ये, परत १८ वर्षं. आज जपानमध्ये सगळ्यात जास्त पिकणारी नाशी कोसुई, मग होसुई. कोसुई ही ती मधली साल, आईकडून आर नाही, बापाकडून आर, आणि वरून अडवणारं जीन. म्हणून तर स्टॉलवर एकाच टोपलीत एक कोसुई पिवळसर हिरवट दिसते आणि दुसरी चांगली तपकिरी, मला आधी वाटायचं एक कच्ची आहे म्हणून, पण पिकलंय का ते ठिपक्यांच्या मधल्या, बुचाखालच्या सालीच्या रंगावरून ओळखायचं, बुचाच्या नाही. इथले बागायतदार तोडणीला रंगांचं कार्ड घेऊन जातात, फळाशेजारी धरतात आणि बुचाखालचा हिरवा किती पिवळा झालाय ते बघून मग तोडतात. हे बघायला मला फार आवडतं, एवढ्या शांतपणे करतात.

होसुईबद्दल एक सांगायलाच पाहिजे. तिचे नोंदवहीतले आईबाप वेगळे होते, नंतर डीएनए तपासल्यावर कळलं की ती तर कोसुईची लेक. तसंच नीताका म्हणून मोठ्ठी तपकिरी नाशी असते, १९१५ चा क्रॉस, तिचाही एक पालक कागदावर वेगळा निघाला, खरा निघाला चोजुरो. इतकी वर्षं या जातींवर पुढचे क्रॉस ठरवले जात होते. आणि या सगळ्या वंशावळी मागे मागे नेल्या की जवळपास प्रत्येक फांदीवर निजिस्सेइकी बसलेली, त्यामुळे जवळच्या नात्यातले क्रॉस खूप झाले, रोपं अशक्त निघायला लागली आणि पैदासकारांना मुद्दाम जुन्या गावठी जाती शोधून आणाव्या लागल्या. कचऱ्यात सापडलेल्या एका रोपावर सगळ्यांनी इतका भार टाकला.

विषाचं राहिलं. निजिस्सेइकीला हा रोग लागतो तो एका जीनमुळे, आणि तिच्याकडे त्याची एकच प्रत आहे. म्हणजे ती एक प्रत बिघडली तर रोग लागणं थांबेल किंवा कमी होईल. क्रॉस करून हे करायला गेलं तर निजिस्सेइकी निजिस्सेइकी राहणार नाही, पत्त्यांसारखं सगळं पिसलं जाणार. म्हणून १९६२ साली इबाराकी प्रांतात तिची झाडं एका गोल शेतात लावली, मधोमध कोबाल्ट ६० चा स्रोत, गॅमा किरण झाडांवर वर्षानुवर्षं पडत राहिले. १९८१ मध्ये एका झाडाची एक फांदी सापडली जिच्यावर रोग जवळपास दिसत नव्हता. एक फांदी! तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या झाडांवर भरून कलमं केली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल्ड निजिस्सेइकी म्हणून जात आली. किरण म्हटलं की लोक दचकतात पण आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रात किरणांनी बदल घडवलेल्या पिढ्यांतूनच टॅग २४ हा भुईमूग आला, ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट, विदर्भात कितीतरी शेतांत पेरला गेला, आपण तो भाजून खाल्लाय. गोल्डने फवारण्या कमी झाल्या. पण तिची साल हिरवीच ठेवली, ठेवायचीच होती, आणि हिरवी नितळ साल पाहिजे तर पिशवी राहिलीच.

आई निघायच्या आधी एकदा नाशी कापताना बघून म्हणाली, "अगं हे लोक सोलून खातात की." खरंय, जपानमध्ये नाशी सोलूनच खातात, घरोघरी, हॉटेलात, शाळेच्या डब्यात. ज्या सालीसाठी एवढं सगळं, ती कचऱ्याच्या डब्यात जाते. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली आपल्या एक्सपोर्टच्या द्राक्षांचं पण तेच आहे, मण्यावरची लव पुसली गेली तर माल परत. मला वाटतं नाशी इथे भेट म्हणून पाठवतात, डब्यात ओळीने मांडून, म्हणून पहिली नजर सालीवर जाते. चव नंतर, घरी.

आता पैदासकारांकडे एक सोय झालीये. नाशीच्या १७ गुणसूत्र जोड्यांपैकी आठव्या जोडीवर, टोकाकडे, बूच ठरवणारी मुख्य जागा सापडलीये, तिच्या शेजारची डीएनएची खूण माहीत आहे. रोप वीतभर असताना पानाचा तुकडा तपासायचा आणि फळ हिरवं येणार की तपकिरी ते आधीच कळतं. नाशीच्या बीपासून फळ यायला काही वर्षं जातात, तोवर जागा, पाणी, छाटणी सगळं लागतं, त्यामुळे ज्याला एकच रंग हवाय तो नकोशी रोपं पहिल्याच वर्षी काढून टाकू शकतो. किकुचींना ज्यासाठी एवढी वर्षं थांबावं लागलं ते आता काही दिवसांत. चव मात्र अशी पानावरून सहजासहजी कळत नाही, त्याला आजही फळ येईपर्यंत थांबायचं आणि खाऊन बघायचं.

या खुणेने सरसकट तपकिरीच ठेवली जातील का अशी मला काळजी वाटायची. पण तोत्तोरीनेच काय केलंय बघा. चिकुसुई आणि ओसा निजिस्सेइकी, ही दुसरी म्हणजे बागेत आपोआप झालेला बदल, स्वतःच्याच परागावर फळ धरणारी निजिस्सेइकी, या दोघींचा क्रॉस केला आणि त्यातून दोन बहिणी निवडल्या. नात्सुहिमे हिरवी, शिनकान्सेन तपकिरी. आईबाप तेच. एकीला आर मिळालं, दुसरीला नाही. २००७-०८ च्या सुमारास दोघींची नोंदणी झाली, दोघी ऑगस्टच्या शेवटी निजिस्सेइकीच्या आधी बाजारात येतात. ज्या प्रांताचं फूलच हिरव्या नाशीचं आहे तिथे आता तपकिरी शिनकान्सेनची लागवड जोरात आहे, गोड जास्त आहे आणि कामाला सोपी, आणि ज्यांचं वय सत्तरीच्या पुढे गेलंय त्यांना मान वर करून पिशव्या बांधायला सांगणार तरी कोण. नात्सुहिमेपण लावतात, कमी. मी दरवर्षी दोन्ही मागवते, आणि नात्सुहिमे सालीसकट खाते.